बारीक शेजारणीचे ताट आणि आपला तेलाचा डबा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘मी नुसतं पाणी प्यायले तरी वजन वाढतं आणि ती दिवसभर चरते तरी काडीची काडीच,’ ही तक्रार वाचकांच्या पत्रांत अधूनमधून डोकावते. ठाणे आणि नवी मुंबईत वजनासाठी आहार-व्यायामाचा सल्ला देणाऱ्या आम्हा मंडळींच्या कानांना तर ती रोजची आहे. तिच्यावर लोक दोनच उत्तरे देतात. एक, ‘ज्याची त्याची प्रकृती, सोडून दे’ आणि दुसरे, ‘तोंडाला आवर घाल’. पहिले अर्धे खरे आहे. दुसरे उद्धट आहे आणि निरुपयोगीही. बारीक माणसाचा हेवा वाटण्यात गैर काही नाही, पण ज्या गोष्टीचा हेवा केला जातो ती बहुधा त्याच्याकडे नसते, आणि जी असते तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. त्यापायी वजन उतरवणाऱ्याची मेहनत भलतीकडे खर्ची पडते, म्हणून हे जरा लांबलचक पत्र.

समजूत अशी की, बारीक माणसाचा जठराग्नी प्रखर असतो, खाल्लेले सगळे जळून जाते. आकडे उलटे सांगतात. वय 42, उंची 158 सेंटिमीटर अशा दोन शेजारणी धरा. एकीचे वजन 74 किलो, दुसरीचे 50. स्वस्थ पडून असताना शरीर किती कॅलरी खर्च करते हे काढायचे मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र 1990 मध्ये प्रसिद्ध झाले, ते आजही वापरात आहे. बायकांसाठी ते असे: किलोतल्या वजनाची दहापट, अधिक सेंटिमीटरमधल्या उंचीची सव्वासहापट, त्यातून वयाची पाचपट वजा आणि वर 161 वजा. करून बघा. 74 किलोवालीचे 1357 येतात, 50 किलोवालीचे 1117. म्हणजे काहीही न करता जाड शेजारीण दिवसाला 240 कॅलरी जास्त जाळते. मोठ्या घराला वीज जास्त लागते, तसेच हे. सूत्र परदेशी असल्याने आपल्याकडे प्रत्यक्षातला आकडा थोडा खाली भरतो, पण दोघींमधला फरक उलटा होत नाही.

‘चाळिशीनंतर चयापचयच मंदावला’ हेही असेच. 2021 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात 29 देशांतल्या सहा हजारांहून जास्त लोकांची मोजमापे आली. शरीराच्या आकारमानाचा हिशेब लावल्यावर वयाच्या विशीपासून साठीपर्यंत खर्चात म्हणण्यासारखा फरक नव्हता. उतरण साठीनंतर लागते. चाळिशीत बदलतात ते पाय. शेअर रिक्षा परवडू लागते आणि बाजार घरपोच येऊ लागतो.

मग ती बारीक कशी? याचे एक उत्तर हालचालीत आहे, आणि ते व्यायामाचे नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये 1999 साली 16 जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा 1000 कॅलरी जास्त खायला घातले गेले. खाणे मोजून दिलेले, व्यायाम कुणालाच नाही. कुणाच्या अंगावर जेमतेम 360 ग्रॅम चरबी चढली, तर कुणाच्या सव्वाचार किलो. फरक पडला तो उठबस, चुळबुळ, येरझारा यांत. काहींचा हा न ठरवता होणारा खर्च दिवसाला जवळजवळ 700 कॅलरींनी वाढला, काहींचा थोडा घटलाच. फोनवर बोलताना बाल्कनीत फेऱ्या मारणारी आणि फोन आला की आधी खुर्ची शोधणारी, अशा दोन जाती आपल्याकडच्या प्रत्येक ऑफिसात सापडतात. हे वळण बरेचसे जन्मजात असते. कॅनडात 1990 साली बारा जुळ्या जोड्यांना शंभर दिवसांत असेच जादा खायला दिले, तेव्हा वजने सव्वाचारपासून सव्वातेरा किलोंपर्यंत वाढली, पण एका जोडीतले दोघे भाऊ साधारण सारखेच वाढले. केंब्रिजच्या संशोधकांनी 2019 मध्ये मुळात बारीक पण धडधाकट अशा सोळाशेवर लोकांचे जनुक तपासले. त्यातल्या चारांपैकी तिघांच्या घरात बारीकपणा आधीपासून होता. तेव्हा ‘आमच्या घराण्यातच आहे’ ही सबब आम्ही हसण्यावारी नेत नाही.

दुसरे उत्तर मात्र जास्त वजनदार आहे, आणि सगळा हेवा खरे तर तिथे करायला हवा. बारीक माणसाला लवकर पुरे होते. वागळे इस्टेटमधल्या किंवा महाप्याच्या एखाद्या ऑफिसात संध्याकाळी पाचला वडापाव येतात. बारीक सहकारी दोन खाते, वर चहा घेते, आणि शेजारी बसून काकडी खाणारीच्या पोटात आग पडते. पण दुपारी तिच्या डब्यातली दुसरी पोळी तशीच होती, भाजीही अर्धी उरली होती आणि तिने झाकण लावून टाकले होते, हे कुणी पाहिलेले नसते. रात्री ती घरी ‘आज भूक नाही’ म्हणून वाटीभर दहीभातावर उठणार असते. वडापाव चारचौघांत खाल्ला जातो. टाळलेले जेवण कुणाला दिसत नाही. तिने काही निग्रह केलेला नसतो, त्याचे तिला कौतुकही नसते. पोटाने ‘बस’ म्हटले आणि तिला ते ऐकू आले, एवढेच. तिच्या आठवड्याची बेरीज केली तर ती तिच्या लहान शरीराच्या गरजेइतकीच निघते.

वजन उतरवणाऱ्याच्या बाबतीत हाच आवाज आणखी बारीक होत जातो. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिशेबानुसार उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा खर्च दिवसाला 20 ते 30 कॅलरींनी कमी होतो, पण भूक सुमारे 100 कॅलरींनी वाढते. सहा किलो उतरवलेली बाई रोज 600 कॅलरींच्या जादा भुकेशी झुंजत असते, आणि शेजारचे लोक तिला ‘आता थोडं कंट्रोल करायचं, बस’ असे सांगतात. त्यामुळे आमचे म्हणणे असे: शेजारणीचे ताट बघून आपले ताट ठरवू नका. आपली भूक मोठी आहे असे धरूनच स्वयंपाकघर लावा.

सुरुवात मोजण्यापासून, कारण अंदाज सगळ्यांचेच चुकतात. न्यूयॉर्कमध्ये 1992 साली ‘आम्ही 1200 कॅलरीसुद्धा खात नाही तरी वजन हलत नाही’ असे सांगणाऱ्यांचे प्रत्यक्ष खाणे शास्त्रीय पद्धतीने मोजले गेले. सांगितलेले प्रत्यक्षापेक्षा 47 टक्क्यांनी कमी होते, आणि व्यायाम 51 टक्क्यांनी फुगवलेला. ती माणसे खोटारडी नव्हती. उभ्याने खाल्लेले लक्षातच राहत नाही. कूट करायला भाजलेले दाणे निवताना मूठभर तोंडात जातात: 30 ग्रॅम, 170 कॅलरी. पोराच्या ताटातली उरलेली अर्धी पोळी आणि श्रीखंडाचा चमचा ‘टाकायचं कसं’ म्हणून संपवला जातो. खाल्लेले टिपून ठेवायच्या आईच्या वहीत यातले काहीच नसते.

आता तेल. आमच्या अनुभवात वजनाचा निम्मा गुंता इथे सुटतो, म्हणून यावर जरा रेंगाळतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत 2000 कॅलरींच्या ताटात दिवसाला 27 ग्रॅम तेल-तूप धरले आहे. तुमच्या घरात किती जाते? डबा फोडाल त्या दिवशी त्यावर पेनाने तारीख घाला. संपेल त्या दिवशी पुन्हा घाला. एक लिटर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर 4550 भागिले 120, म्हणजे माणशी रोज 38 ग्रॅम, सुमारे 340 कॅलरी. तूप, लोणी, दाण्यांतले तेल आणि बाहेरचा वडा यात धरलेलाच नाही. तीन लिटरवर आणले की तो आकडा 23 ग्रॅमवर येतो. ताटातला एकही पदार्थ न काढता माणशी रोज 130-140 कॅलरी गेल्या.

हे करताना काय चुकते तेही सांगायला हवे. बहुतेक घरांत तेल बरणीतून थेट कढईत ओतले जाते, किंवा फोडणीच्या पळीने घेतले जाते आणि पळी किती मावते हे घरात कुणालाच माहीत नसते. ती पाण्याने भरा आणि ते पाणी खोकल्याच्या औषधाबरोबर येणाऱ्या मापाच्या झाकणात ओता. कुणाची पळी 15 मिलीची निघते, कुणाची 30 ची. चहाचा सपाट चमचा 5 मिलीचा, त्यात सुमारे 40 कॅलरी. चौघांच्या भाजीला तीन चमचे पुरतात, पण फोडणीची पद्धत बदलावी लागते. कढई सपाट ठेवली तर तीन चमचे तेल तळभर पसरते, मोहरी नीट तडतडत नाही आणि हळद करपते. कढई एका बाजूला कलती धरा, तेल कडेला साचू द्या, त्यात मोहरी टाका, तडतडली की जिरे, हिंग, मग गॅस बारीक करून हळद. भाजी घातल्यावर झाकणावर पाणी ठेवून वाफ काढा. गवार, फरसबी, कोबी अशाने तेलाशिवाय मऊ होतात. भेंडी आणि वांगी मात्र तेल पितात. भेंडी धुऊन कोरडी पुसून, आधी तेलाविना परतून तिची तार गेल्यावर फोडणी द्यावी. वांगे भाजून भरीत करावे हे उत्तम.

दुसरी चूक उत्साहाची. सोमवारी ‘आजपासून बिनतेलाचं’ असे जाहीर होते, भाजी गवतासारखी लागते, आणि गुरुवारी त्यावर शेव-फरसाण पडते. शेव म्हणजे 100 ग्रॅमला साडेपाचशेच्या आसपास कॅलरी. चार चमचे तेल वाचवून मूठभर तळण खाल्ले. म्हणून पहिल्या महिन्यात पाचाचे चार लिटर करा, दुसऱ्यात साडेतीन. जीभ हळूहळू वळते.

भाकरीबद्दल दोन शब्द. ‘पोळी सोडली, भाकरी धरली’ हे ऐकले की आम्ही पिठाचे वजन विचारतो. फुलक्याला 30 ग्रॅम कणीक लागते, सुमारे 100 कॅलरी. हाताएवढ्या भाकरीला 65-70 ग्रॅम ज्वारीचे पीठ लागते, म्हणजे सव्वादोनशेच्या पुढे. एक भाकरी म्हणजे दोन फुलके, हे लक्षात ठेवून खाल्ली तर भाकरी छानच, कारण तिला तेल लागत नाही आणि ती पटापट गिळता येत नाही. घडीच्या पोळीत आत अर्धा चमचा आणि वरून अर्धा चमचा तेल गेले की तिच्या 140 होतात. उपवासाचे तर विचारूच नका. एका माणसाची साबुदाणा खिचडी: 100 ग्रॅम साबुदाणा, 40 ग्रॅम दाण्याचे कूट, एक मोठा चमचा तूप आणि बटाटा, की सातशे कॅलरी ओलांडल्या, प्रथिने त्या मानाने नगण्य आणि दोन तासांत पुन्हा भूक. संकष्टीला वजन घटवायचे असेल तर भगर आणि ताक. अंगारकीच्या रांगेत उभे राहणाऱ्यांना हा सल्ला आवडत नाही, ठाऊक आहे. चहात दोन चमचे साखर घेणाऱ्याचे चार कपांत साखरेचे 160 आणि दुधाचे शे-सव्वाशे होतात. एकदम बिनसाखरेचा करू नका, दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करा.

भूक मोठी असलेल्या माणसाने भूक भागवणारे खायला हवे, आणि मराठी शाकाहारी ताटात नेमके तेच कमी पडते. वाटीभर पातळ वरणात 20-25 ग्रॅम डाळ असते, प्रथिने पाच-सहा ग्रॅम. साठ किलो हे ज्याचे योग्य वजन आहे त्याला वजन घटवताना दिवसाला 60 ते 70 ग्रॅम प्रथिने मिळावीत. ती अशी जमतात: सहा फुलक्यांतून 20, पन्नास ग्रॅम कोरड्या मुगाच्या उसळीतून 12, तीस ग्रॅम सोया चंक्समधून 15, पन्नास ग्रॅम पनीरमधून 9, दोन वाट्या दह्यातून 10. अंडी-मासे खाणाऱ्यांचे काम सोपे, दोन अंड्यांत 12 आणि 100 ग्रॅम बांगड्यात 19 च्या आसपास. बांगडा रवा लावून तळू नका, तिखट-मीठ-कोकम लावून तव्यावर चमचाभर तेलात भाजा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर यातले काहीही डॉक्टरांना विचारल्याविना करू नये.

जेवण्याचा क्रमही उपयोगी आहे. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग पोळी-भाजी, भात शेवटी आणि वाटीने मोजून. आणि सर्वांत महत्त्वाचा तो संध्याकाळचा पाच ते आठचा काळ. दुपारी दीडला डबा, त्यानंतर काही नाही, साडेसहाला ऑफिस सुटले, ठाण्याला उतरून पुलावरून बाहेर येईपर्यंत साडेसात. तेव्हा समोर कढईतून वडे निघत असतात. इथे निग्रहाची परीक्षा घेऊच नये. निघण्याआधी ऑफिसातच 30 ग्रॅम फुटाणे आणि ग्लासभर ताक घ्यावे. सव्वाशे-दीडशे कॅलरी जातात, पण वडापावचे तीनशे आणि घरी गेल्यावर गॅसजवळचे दोनशे वाचतात. ‘काहीच न खाता घरी पोचले’ याचा अभिमान रात्री साडेनऊला महागात पडतो.

पाकिटातल्या खाण्याबद्दल एकच प्रयोग सांगतो. 2019 मध्ये अमेरिकेत 20 जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार होणारे अतिप्रक्रियायुक्त अन्न आणि दोन आठवडे साधे शिजवलेले अन्न दिले गेले, दोन्हीकडे हवे तितके खायची मुभा. कारखान्यातल्या अन्नावर माणसे नकळत रोज 500 कॅलरी जास्त खात होती, आणि भराभर खात होती. भुकेचा ‘बस’ ऐकू यायच्या आत पाकीट संपते.

व्यायामाविषयी आमचेच काही बंधू लोकांची दिशाभूल करतात, म्हणून स्पष्ट लिहितो. सत्तर किलोचा माणूस पाच किलोमीटर चालला, तर बसून राहण्यापेक्षा दोनशेच्या आसपास कॅलरी जास्त खर्च होतात. उपवन तलावाला किंवा नेरुळच्या ज्वेल उद्यानाला तासभर घाम गाळायचा आणि बाहेर पडल्यावर ‘कमावलंय’ म्हणून वडापाव खायचा, यात शंभराचा तोटा आहे. एक मजला चढायला दोन-तीन कॅलरी लागतात, दहा मजले चढून पाव फुलका. उभे राहून काम करण्याचा बसण्याशी फरक तासाला दहा कॅलरींच्याही आत. मग चालायचे कशाला? उतरलेले वजन तिथेच ठेवायला. रक्तातली साखर आणि रक्तदाब यांनाही चालणे मानवते. ज्यांना चुळबुळीचे वळण जन्मजात मिळालेले नाही त्यांनी ते वेळापत्रकात बसवावे: फोन चालत घ्यायचा, स्टेशन ते नौपाडा शेअर रिक्षा सोडायची, जेवल्यावर दहा मिनिटे सोसायटीत फेऱ्या. शिवाय आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायाम हवाच. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस बारा वेळा, भिंतीला टेकून दंड बारा वेळा, पाच-पाच लिटरच्या भरलेल्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन घरात चालणे, प्रत्येकी तीन फेऱ्या. हे केले नाही तर उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि वजन परत येते तेव्हा स्नायू त्या मानाने परत येत नाहीत.

लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिराती आहेतच: ‘आठवड्यात तीन किलो!’ ते होतेही, पण ती चरबी नसते. यकृत आणि स्नायूंत चारशे-पाचशे ग्रॅम साखरेचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीन ग्रॅम पाणी. भात-पोळी बंद केली की चार दिवसांत हा साठा आणि पाणी दोन्ही जाते, काटा दीड-दोन किलो खाली येतो. लग्नात जेवलात की रविवारी तेवढाच वर. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7700 कॅलरी. रोज 500 ची तूट ठेवली तर आठवड्याला साडेचारशे ग्रॅम, पुढे पुढे त्याहून कमी. म्हणून काट्यावर रोज सकाळी, शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी उभे राहा, आकडा लिहा आणि फक्त आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याशी ताडा. बायकांनी मासिक पाळीच्या आधीचा आठवडा मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडावा. तीन-चार आठवडे सरासरी हललीच नाही, तरच ताटात बदल करा. सोमवारचा आकडा पाहून मंगळवारी उपाशी राहणे, हा वजन वाढवण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

आणि जिचा हेवा वाटतो तिच्या पोटाभोवती टेप लावून पाहिली आहे का? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले डॉ. जॉन यडकिन यांचे छायाचित्र 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, तंतोतंत 22.3. यडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. आपल्या बांध्याचे याहून नेमके चित्र आम्हाला माहीत नाही: हातपाय काटकुळे, चरबी पोटात. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय 23 पासूनच जास्त धरतात, आणि कंबर पुरुषांची 90 व बायकांची 80 सेंटिमीटरच्या आत हवी. माप पँटच्या पट्ट्यावर घेऊ नका. खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये, उघड्या अंगावर, श्वास सोडून, टेप न आवळता. ‘मला काय, मी बारीकच’ म्हणत रक्तातली साखर कधीच न तपासणारे पन्नास किलोवाले आम्ही कमी पाहत नाही. कोणी काही न करता सहा महिन्यांत वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त बारीक झाले असेल, तर त्याला ‘काय मस्त झालास’ म्हणण्याऐवजी साखर, थायरॉइड आणि क्षय तपासायला पाठवा.

उलट बाजूला, स्टिरॉइड, काही मानसोपचाराची आणि फिटची औषधे, इन्सुलिन यांनी वजन वाढते. ती स्वतःहून बंद करू नयेत, डॉक्टरांशी बोलावे. थायरॉइडवर मात्र सगळे खापर फोडू नका, त्याने वाढणारे वजन बहुधा दोन ते पाच किलोंचे आणि त्यात पाणीच बरेच. आठवड्याला एकदा घ्यायची वजनाची इंजेक्शने 2025 मध्ये आपल्याकडे आली. ती मुख्यतः भुकेवरच काम करतात, आणि लोक सांगतात की पहिल्यांदाच त्यांना ताटात उरवता आले. म्हणजे बारीक शेजारणीकडे काय होते ते औषधाने दाखवून दिले. पण त्यातले सेमाग्लुटाइड हे औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचे दोन तृतीयांश परत आल्याचे मोठ्या चाचणीत दिसले आहे, तेव्हा ते लग्नाआधी दोन महिने घ्यायचे औषध नव्हे.

शेवटी आपल्याकडे एक मागणे. आपल्या पुरवणीत पाककृती येतात, त्या कापून ठेवणारी घरे ठाण्यात अजून आहेत. त्यात कांदे किती, मिरच्या किती, सगळे नीट दिलेले असते आणि तेलापुढे मात्र ‘आवश्यकतेनुसार’. ही आवश्यकता कढईची की जिभेची, हे वाचकाला कळत नाही. मीठ चवीनुसार राहू द्या. तेल आणि तूप मात्र चहाच्या चमच्यांत छापा, आणि तो पदार्थ किती जणांना पुरेल तेही.

आपले,
ठाणे व नवी मुंबईतील काही आहार व व्यायाम सल्लागार
नौपाडा, ठाणे